पाठमोरा लोहार

“लोहार बोलत नाहीये,” असा बग आमच्या टेस्टरने टाकला आणि पुढे ‘ब्लॉकर’ लिहिलं. ब्लॉकर म्हणजे ही चूक दुरुस्त झाल्याशिवाय गेम बाहेर पाठवायचा नाही. शुक्रवारी गेम पब्लिशरला द्यायचा होता आणि त्या दिवशी बुधवार होता.

खरं तर चूक नव्हतीच ती. लोहाराला ऐकू येत नव्हतं.

मी गेम लिहितो. नातेवाइकांना हे अजून पटलेलं नाही. गेममध्ये लिहायचं काय असतं, असं ते प्रत्येक लग्नात विचारतात. आमचे गेम राजे, राक्षस आणि जादूच्या तलवारींचे. खेळणारा एक पात्र होऊन गावोगाव फिरतो आणि लोकांची कामं करतो. अशा एका कामाला क्वेस्ट म्हणतात. आमचं ऑफिस उल्हासनगरला फर्निचर मार्केटमध्ये, एका दुकानाच्या वर आहे. खाली प्लायवूड कापतात, वर आम्ही गावं जाळतो.

गावं जाळतो हे खरंच. एक एक्सेल शीट आहे, मीच बनवलेली. नायकाचं गाव कोणी जाळलं, बाप कोणी मारला, गावचा म्हातारा किती लांडग्यांची कातडी मागतो. रकाने भरले की क्वेस्ट तयार. सात वर्षं आमचं पोट या शीटवर चाललंय, त्यामुळे मी तिला नावं ठेवणार नाही.

तेजश्री आमच्याकडे सहा महिन्यांपूर्वी लागली. अंबरनाथची मुलगी. तिला कन्फर्म करायचं की घरी पाठवायचं, हे या गेमवर ठरणार होतं आणि गेममध्ये तिची एकच क्वेस्ट होती. आधी तिने मुकाट्याने शीट भरून दिली होती. मीच म्हणालो, “अगं, स्वतःचं काहीतरी टाक की.”

“दादा, शीटमध्ये बाप मेलेलाच असतो,” ती म्हणाली. “माझे बाबा तर घरी पेपर वाचत बसलेत.”

तिचे बाबा एमआयडीसीत एका प्रेस शॉपमध्ये होते. पत्र्यावर ठोके मारणाऱ्या मशीनपाशी आयुष्य गेलं, आता ऐकू येत नाही. कानाचं मशीन लावलं की डोकं दुखतं, म्हणून ते डबीतच असतं. त्यामुळे घरात त्यांना कोणी हाक मारत नाही. ते खिडकीकडे पाठ करून बसतात, तिथे उभं राहून त्यांच्या पेपरवर सावली पाडतात.

तिच्या क्वेस्टमधला लोहारही पाठमोरा बसलेला. कितीही बटणं दाबा, तो आपला हातोडा मारत राहतो. दारात उभं राहिलं आणि ऐरणीवर सावली पडली, तरच वळतो.

बग आल्यावर मी लोहाराच्या डोक्यावर पिवळा बाण लावला आणि खाली लिहून टाकलं, ‘त्याला ऐकू येत नाही, दारात उभा राहा.’ टेस्टरने पाच सेकंदांत क्वेस्ट उरकली आणि बग बंद केला. तेजश्रीने ते पाहिलं.

“आता त्याला कातडीच मागू दे, दादा,” ती एवढंच म्हणाली. मला स्वतःची लाज वाटली. बाण काढला, ओळही काढली.

तासाभरात हरीश सर, म्हणजे आमचे सिंधी मालक, केबिनमधून बाहेर आले.

“विवेक, बग वापस खुला कैसे? लोहार बहिरा कशाला पाहिजे? प्लेअर कंटाळणार. ऐसा लिखेगी तो इसको कन्फर्म कैसे करूं?”

“सर, एकदा स्वतः खेळून बघा,” मी म्हणालो.

“टाइम है क्या मेरे पास,” म्हणत ते बसले. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. “अरे सुन ना यार!” हातोडा चालूच. शेवटी वैतागून त्यांनी आपलं पात्र बाहेर न्यायला दाराकडे वळवलं. ऐरणीवर सावली पडली. हातोडा थांबला. लोहार वळला, हसला आणि म्हणाला, “कधीपासून उभा आहेस, बाळा?”

सरांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला.

“ये तूने सोचा?” त्यांनी तेजश्रीला विचारलं.

“नाही सर. बाबा रोज हेच विचारतात.”

“मग तू काय सांगते?”

“आत्ताच आले.”

सर म्हणाले, “प्लेअरला पण तेवढंच बोलू दे. दुसरा ऑप्शन मत डाल.”

शुक्रवारी गेम गेला. तेजश्री कन्फर्म झाली. पब्लिशरचा मेल आला, लोहार फार आवडला, असेच आणखी आठ पाठवा. सर खूश. “विवेक, शीट में एक कॉलम डाल,” ते म्हणाले. “बहिरा, आंधळा, लंगडा, जो भी है.”

तेजश्री शांतपणे म्हणाली, “सर, बाबा एकच आहेत माझे.”

म्हणून बाकीचे आठ आम्ही सगळ्यांनी वाटून घेतले. माझ्या वाट्याला आलेल्यात मी माझे वडील घालायचं ठरवलं. ते बदलापूर गावात राहतात. पहिली ओळ लिहायला बसलो, तर मी दारात पाऊल टाकल्यावर ते सगळ्यात आधी काय म्हणतात, तेच आठवेना. तासभर बसलो. रविवारी मुकाट्याने बदलापूरला गेलो.

नव्या लेखकांना मी आता एकच सांगतो: टाइप करायच्या आधी घरी जाऊन या.