दादाच्या वजनाची सायकल

दादा नोकरीसाठी परदेशी गेला आणि त्याची माउंटन बाइक बदलापूरला माझ्या बाल्कनीत आली. पुढे-मागे दोन्हीकडे धक्के झेलणारे शॉक असलेली, भारीतली सायकल. सीट खाली केल्यावर माझे पाय टेकले, तेवढं मला पुरे वाटलं. मी शाळेत गणित शिकवते. रविवारी सकाळी बारवी धरणाच्या बाजूला, पाड्यांमधल्या दगडी वाटांवर जायला लागले.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी पडले. उतार फार नव्हता. मागचं चाक एका दगडावर चढलं आणि खालून कुणी लाथ मारावी तशी सीट उसळली. मी हँडलवरून पुढे. डावं मनगट मोडलं. शेतात काम करणाऱ्या दोन बायकांनी मला उठवून बसवलं, माझ्याच ओढणीने हात गळ्यात बांधला आणि रिक्षा मिळेपर्यंत सोबत थांबल्या.

प्लास्टर निघालं, भीती गेली नाही. नवरा सायकलचा विषयच काढेना. दादा फोनवर दर वेळी हाताचं विचारायचा. आपण दिलेल्या वस्तूवरून बहीण पडली हे त्याला खात होतं. मी सगळ्यांना सांगायचे, चूक माझीच, त्रेचाळिसाव्या वर्षी हे नाद करू नयेत. सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलं.

शेवटी सायकल विकायची ठरवली. खालच्या मजल्यावरचे काका आनंदनगर एमआयडीसीत तीस वर्षं फिटर होते, हवेच्या दाबावर चालणारी मशिनं सांभाळायचे. त्यांना म्हटलं, विकण्याआधी एकदा बघून द्या. त्यांनी सीटवर दोन्ही हातांनी जोर दिला. मागचा शॉक जेमतेम हलला.

"भावाचं वजन किती?"

"पंच्याण्णव असेल."

"आणि तुमचं?"

मी बावन्न म्हटलं. ते म्हणाले, "मॅडम, यात हवा त्यांच्या वजनाची आहे. तुम्ही पडला नाहीत, याने तुम्हाला फेकलं."

या शॉकमध्ये स्प्रिंग नसते, कोंडलेली हवाच स्प्रिंगचं काम करते, आणि माणूस नुसता बसला तरी तो साधारण पाव भाग दबायला हवा, हे मला त्या दिवशी कळलं. त्याचा पंप वेगळा असतो. तो उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराने माळ्यावरून शोधून दिला.

पुढच्या रविवारी आम्ही पार्किंगमध्ये बसलो. शॉकच्या दांड्यावर एक छोटी रबरी रिंग असते. मी हेल्मेट, बूट, पाठीवर बॅग अशी सगळी तयारी करून भिंतीला धरून सायकलवर बसायचे, काका रिंग कडेला सरकवायचे, मी हळूच उतरायचे. रिंग जितकी लांब राहील तितका शॉक दबला. शॉक पूर्ण दबला तर पन्नास मिलिमीटर, त्यातले पहिल्यांदा फक्त पाच भरले. थोडी हवा सोडायची, पुन्हा बसायचं, पुन्हा फूटपट्टी लावायची. मध्येच पंप काढून परत जोडला तर त्यावरचा दाबाचा काटा आधीपेक्षा खाली. मला वाटलं, शॉक गळतोय. काका हसले. पंपाची नळी रिकामी होती, तिने आपल्यापुरती हवा ओढून घेतली, एवढंच.

तेरा मिलिमीटरवर आम्ही थांबलो. मग शॉकवरची लाल चकती. दबलेला शॉक किती वेगाने परत उघडायचा ते ती ठरवते. ती सगळ्यात वेगाच्या टोकाला होती. एकेक टिक हळू करत गेलो, फुटपाथवरून उतरल्यावर मागची बाजू उडायची थांबेपर्यंत.

दादाला फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, हवा दुकानातच भरून दिली होती. ती चकती कशाची ते मलाही माहीत नव्हतं." आम्ही दोघंही हसलो, कितीतरी महिन्यांनी मोकळं.

त्याच उतारावर गेले तेव्हा वरच दहा मिनिटं उभी होते. मग ब्रेक सोडले. चाक दगडावर चढलं, सीट माझ्यासकट जराशी खाली बसली आणि सावकाश वर आली. बस, इतकंच झालं. खाली पोचल्यावर मी एकटीच हसत होते. पाणी प्यायले, सायकल वळवली आणि ढकलत पुन्हा वर निघाले.