आप्पांनी न घेतलेली घोडी

लातूर शहरात जी वस्तू कुणीच घेत नाही, ती शेवटी आमच्या शेजारच्या आप्पांच्या घरी येते, हा जवळजवळ निसर्गनियम आहे. पाणी उताराकडे जातं, दहावी झालेलं पोर क्लासकडे जातं आणि न खपलेला माल आप्पांकडे जातो. तुम्ही म्हणाल, माणूस भोळा असेल, फसत असेल. अजिबात नाही. आप्पांची स्वतःची दालमिल आहे, सारा जन्म आडत बाजारात गेलेला आहे. मूठभर तूर तळहातावर घेतली की ते तिची कुंडली मांडतात. माल वाईट आहे हे त्यांना विकणाऱ्याच्याही आधी कळतं. पण तसं कळलं, की त्यांच्या त्या भल्यामोठ्या देहात कुठेतरी पाझर फुटतो. "आपण न्हाई घेतलं तर ह्याला घेणार कोन?" असं ते विचारतात, आणि या प्रश्नाचं उत्तर आजवर लातूरच्या एकाही व्यापाऱ्याला देता आलेलं नाही.

मागे एकदा सौद्याला तुरीचा एक ढीग आला होता. पावसात भिजलेला, बुरशी धरलेला. बाकीचे व्यापारी नाकाला रुमाल लावून पुढे सरकले. ज्याची तूर होती तो माणूससुद्धा, "चला, वापस नेतो," म्हणून पोती भरायला लागला होता. तेवढ्यात आप्पांनी हात वर केला. "एवढ्या लांबून आणलाव, वापस कुठं न्यायलाव?" ती तूर मिलच्या आवारात आली आणि तिच्या वासाने कामगार दुसऱ्या दारातून ये-जा करू लागले. त्यानंतर आप्पांच्या मुलाने बापाच्या पाया पडून, अत्यंत आदराने, त्यांना घरी बसवलं. आता मुलगा मिल बघतो आणि आप्पा लातूर बघतात. मुलाच्या हिशेबाने यात फायदा झाला असेल, पण लातूरचं काय?

एसटीत बसले तर ज्या खिडकीची काच वर होत नाही त्याच जागेवर आप्पा बसणार, कारण तिथे कुणी बसलेलं नसतं. दाढी करायची तर ज्याचा हात थरथरतो त्या न्हाव्याकडे. हनुवटीवर कापसाचे बोळे लावून हा माणूस विभूतीचे तीन पट्टे ओढतो आणि प्रसन्न चेहऱ्याने फिरायला निघतो. आमच्या गल्लीच्या टोकाला एक नवा क्लास निघाला होता. लातुरात क्लास काढणं म्हणजे समुद्रात तांब्याभर पाणी ओतणं. तो मास्तर दिवसभर दारात उभा राहून रस्त्यावरची पोरं न्याहाळायचा. आप्पांना ते बघवेना. त्यांनी उदगीरहून पुतण्याला बोलावून तिथे घातलं. तो एकटाच विद्यार्थी असल्यामुळे क्लासमध्ये पहिला आला, आणि मास्तरांनी चौकात त्याचा एवढा मोठा फ्लेक्स लावला की पुतण्याला महिनाभर तोंड लपवून हिंडावं लागलं. निवडणुकीत तर आप्पांचं मत हमखास पडणाऱ्या उमेदवारालाच. ही बातमी एवढी पसरली आहे, की हल्ली उमेदवार घरोघर हात जोडत येतात आणि आप्पांच्या दारात आले की जरा आणखी वाकून म्हणतात, "आप्पा, यंदा मला देऊ नका."

अशा माणसाच्या डोक्यात गेल्या हिवाळ्यात घोडा शिरला. रिंग रोडच्या पलीकडे त्यांचा छोटा मळा आहे. तिथे रोज सकाळी घोड्यावर बसून जायचं, असं त्यांनी ठरवलं. आता आप्पांचे दोन्ही गुडघे कधीच निवृत्त झालेत. खाली बसले तर उठवायला दोन माणसं लागतात, आणि त्यातला एक बहुतेक वेळा मीच असतो. गेल्या वर्षी न्हाणीत पाय घसरून पडले ते पावसाळाभर खाटेवर होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा पडलात तर उठणं कठीण आहे. त्यात माळेगावची यात्रा जवळ आलेली. मराठवाड्यात घोडा घ्यायचा म्हटलं की माणूस खंडोबाच्या माळेगावालाच जातो. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, कुंपणाशी आल्या. "भाऊजी, तुमी संगं जावा. घोडं घेऊन आले तर मी सरळ उदगीरला माहेरी जाते. रागानं न्हाई, पर त्यांना पडलेलं बगाया माझ्यात आता दम न्हाई." मी निवृत्त शिक्षक. पगार थांबला तरी सल्ला थांबत नाही. मी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

माळेगावात भंडाऱ्याने माणसं आणि जनावरं एकाच रंगाची झाली होती. घोडेबाजारात काय एकेक जनावर! पांढरीशुभ्र, तकतकीत, गळ्यात घुंगरांच्या माळा. मालकाने लगाम हलवला की मान अशी वळवायची, की फोटो काढणाऱ्या पोरांची झुंबड उडायची. आप्पा प्रत्येकापाशी थांबायचे, "लई झ्याक हाय" म्हणायचे, आणि पुढे सरकायचे. "ह्याला काय, कुनीबी घेईल." माझा जीव भांड्यात पडला. असेच सगळे चांगले घोडे बघत बघत आम्ही परत जाऊ, अशी मला आशा वाटू लागली. पण बाजार संपतो तिथे, एका बाभळीखाली, ती उभी होती.

उंच, हाडं वर आलेली, पाठ मधोमध खोल गेलेली, शेपटीला जुन्या मेंदीचा विटलेला रंग. आम्ही गेलो तशी तिने मान वर करून आप्पांकडे पाहिलं आणि परत खाली घातली. लग्नाच्या वरातीत नवरदेव वाहून म्हातारी झालेली घोडी होती ती. मालक प्रामाणिक होता, किंवा कंटाळलेला होता. "खोड काय हाय हिच्यात?" मी विचारलं. "तसं जनावर गरीब हाय, मालक. बँड वाजल्याबिगर चालत न्हाई, आन वाजला की थांबत न्हाई. ह्या दोन गोष्टी सोडल्या तर काय तरास न्हाई." जरा थांबून त्याने सांगितलं, की मंगल कार्यालय दिसलं की ती आत शिरते. मागच्या लग्नसराईत एका नवरदेवाला घेऊन ती दुसऱ्याच्याच मांडवात गेली, आणि तिथल्या करवल्यांनी त्याला ओवाळलंसुद्धा. तेव्हापासून तिला कुणी बोलवत नव्हतं.

माझा चेहरा उजळला. मी आप्पांना बाजूला घेऊन एकेक मुद्दा मांडायला सुरुवात केली. "आप्पा, विचार करा. तुमच्या मळ्याच्या रस्त्याला एका बाजूला क्लास आहेत आणि दुसऱ्या बाजूला मंगल कार्यालयं. तुम्ही मळ्यात पोचणार कधी? प्रत्येक लग्नात अक्षता टाकून यायचं का?" आप्पा घोडीजवळ गेले. "तिचे दात बघा, पार झिजलेत." आप्पांनी तिच्या मानेवर हात ठेवला. एक जाणता म्हातारा तिथे उभा होता, त्याने डोळ्याखालचा केसांचा भोवरा दाखवला आणि असा भोवरा मालकाला रडवतो म्हणून सांगितलं. मी ते दुप्पट जोर लावून आप्पांना ऐकवलं. आप्पा तिची आयाळ विंचरू लागले. तिच्या मागच्या पायाला सूज होती, तीही मीच शोधून काढली. तेवढ्यात घोडीवाल्याने माझ्यासाठी चहा मागवला. मी नको म्हणालो तर माझ्या कानाशी लागून म्हणतो, "घ्या साहेब, लाजू नका. आजून दोन खोडी सांगा, सौदा होयालाय." तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की आप्पांना परावृत्त करायला आलेला मी मघापासून घोडी विकत होतो.

मग मी पवित्रा बदलला. जरा इकडेतिकडे फिरून आलो आणि घाईघाईने म्हणालो, "आप्पा, हात काढा. हिचा सौदा झालाय. परभणीचे एक मोठे पाहुणे आहेत, त्यांना मळ्यावर ठेवायला हीच घोडी हवी आहे. आता चहा प्यायला गेलेत, येतीलच. त्यांच्याकडे मोठा तबेला आहे, डॉक्टर आहे, मऊ गवत आहे." बोलता बोलता तबेल्याला मी पंखेसुद्धा लावले. घोडीवाला आ वासून माझ्याकडे बघत होता. आप्पांनीही बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग हळूच आयाळीतून हात काढला आणि घोडीला म्हणाले, "जा बाई. चांगलं घर लागलंय तुला." आणि मागे वळून न बघता चालू लागले.

परतीच्या एसटीत ते काच न लागणाऱ्या खिडकीशी बसले आणि मी त्यांच्या शेजारी कुडकुडत बसलो. अहमदपूर मागे गेलं तसे म्हणाले, "सर, परभनीचा पाव्हना न्हवताच ना?"

"मग सोडलीत कशाला?" मी विचारलं.

"तुमाला खोटं बोलाया येत न्हाई, सर. तरी घामाघूम होऊन बोलायलाव. पंखे काय, गवत काय. असलं खोटं दुसरं कोन घेनार? म्हनून मी घेतलं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आन तुमची वहिनी कालपासून जेवली न्हाई."

त्या रात्री वहिनींनी मला शेंगापोळी वाढली आणि तुपाची धार थांबेचना. गल्लीत माझा भाव वाढला. ज्याने आप्पांना थांबवलं तो माणूस, म्हणून मुलानेही मिलची पाच किलो डाळ पाठवली. मी ती निर्लज्जासारखी ठेवून घेतली. आणि दोन-तीन दिवसांनी सकाळी वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, ह्यांनी बाजारातून वांगी आनली."

"बरं."

"सगळी चांगली हायेत. एकबी किडकं न्हाई."

मी हसलो, पण पलीकडे कुणी हसलं नाही. "काल दाढी करून आले," वहिनी म्हणाल्या, "कुटं कापलं न्हाई. चौकातल्या त्या एसीच्या दुकानात गेलते म्हनं. भाऊजी, मला भ्याव वाटायलंय." मग एकदम म्हणाल्या, "माझा एक पाय आखूड हाय, तुमी बगताव की रोज. मला बगून पाव्हनं चहा पिऊन वापस जायाचे. हे आले आन तिथंच हाव म्हनले. त्या वक्ताला ह्यांच्यासंगं समजवायला कुनी शहाना मानूस आलता का? न्हाई आला म्हनून बरं झालं. यात्रा आजून हाय का बगा."

वहिनी लंगडतात, हे इतकी वर्षं शेजारी राहून मी खरोखर विसरलो होतो. तासाभरात आम्ही तिघं एसटीत होतो. आप्पांना वहिनींनी खंडोबाच्या दर्शनाला जायचं म्हणून सांगितलं होतं. वहिनींच्या पिशवीत फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी होत्या आणि गुळाचा मोठा खडा होता. घोडीवर चढायचं नाही, तिला नुसतं मळ्यात बांधायचं, एवढी एकच अट त्यांनी वाटेत मला हळूच सांगितली.

पण बाजार उठला होता. तंबूंचे दोर सोडून झाले होते, बाभळीखाली चघळलेला कडबा तेवढा पडला होता. घोडीवाला निघून गेला होता. एका पानवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "इथून हजार जनावरं गेली, काका. कोनती सांगू?" वहिनी फडकं हातात धरून बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. आप्पांना सगळं कळलं. त्यांनी वहिनींच्या हातातून भाकरी घेतल्या आणि न विकली गेलेली काही गाढवं एका कडेला उभी होती त्यांना घातल्या. ती गाढवं त्यांनी विकत घेतली नाहीत. "चल," वहिनींना म्हणाले, "दर्शन तरी घेऊ." त्या दिवशी मला माझ्या शहाणपणाचा फार कंटाळा आला.

आप्पा हळूहळू पूर्वपदावर आले. वांग्यांत परत किडे दिसू लागले आणि हनुवटीवर कापूस. वहिनी आता कुरकुरत नाहीत, नुसती वांगी चिरतात. पण लग्नसराईत आमच्या गल्लीवरून बँड गेला की दोन घरांची दारं एकदम उघडतात. आप्पा येतात, मागून वहिनी येतात, इकडून मी येतो. फेट्यातला नवरदेव कुणाचा कोण, आम्ही बघत नाही. आम्ही तिघं घोडी बघतो. दुसरीच असते. वरात कोपऱ्यावर वळेपर्यंत आप्पा उभे असतात, आणि मग म्हणतात, "ही चांगली हाय. हिला काय काळजी न्हाई."