भट्टीकाकांनी निवडलेलं शहर

भट्टीकाकांना थंडी वाजत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. ऐन हिवाळ्यात लोक कानटोप्या घालून, हात बगलेत खुपसून पाव न्यायला येत, तेव्हा काका नुसत्या बनियनवर काउंटरमागे उभे असत आणि वर गिऱ्हाइकालाच विचारत, "कुठे लग्नाला निघालात की काय, एवढे कपडे घालून?" मिसरूड फुटायच्या आधीपासून हा माणूस भट्टीच्या तोंडाशी उभा होता. भट्टी तापली की नाही, हे उघडा हात आत घालून बघायचा. त्या हातावर केस औषधालाही शिल्लक नव्हते, आणि भुवया उगवायच्या बेतात आल्या की पुन्हा करपायच्या.

खाली बेकरी आणि वर दोन खोल्यांचं घर. भट्टी काकांची, बाकी सगळं काकूंचं. गल्ला, उधारी, पिठाच्या गोण्या, गिऱ्हाइकांची भांडणं आणि खुद्द काका, या सगळ्यांवर काकूंचा वचक. काकांचा स्वभाव असा की समोरचा बोलतोय तोवर त्याचं म्हणणं त्यांना सोळा आणे पटायचं. तो गेला आणि दुसरा आला की दुसऱ्याचं पटायचं. अशा माणसाने धंदा चालवला असता तर पाव फुकट वाटले गेले असते.

फक्त एका बाबतीत काका कुणाचं ऐकत नसत, ते म्हणजे मळलेलं पीठ. हिवाळा आला की पीठ फुगायला वेळ लागतो. मग काका खालची दारं-खिडक्या लावून घेत, फटींत गोणपाट कोंबत. "पिठाला वारा लागता कामा नये," असा त्यांचा कायदा होता, आणि तो काकूसुद्धा पाळायच्या. पीठ नीट फुगलं म्हणजे दिवस चांगला, रुसलं म्हणजे हवा वाईट. बाहेर डोकावण्याआधी काका परातीवरचं फडकं उचलून बघायचे.

त्यांची एकुलती एक लेक हुशार होती, तोंडाने फटकळ होती आणि दर हिवाळ्यात खोकायची. थोडंथोडकं नाही, खोकून खोकून बेजार व्हायची. डॉक्टर म्हणाले, थंडी बाधते. झालं, काकूंनी थंडीशी वैरच धरलं. लेकीच्या गळ्याला मफलर, छातीला तेल, प्यायला कोमट पाणी, आणि वरच्या खोलीची खिडकीही बंद. वसंत आला की खोकला आपला आपण निघून जायचा आणि श्रेय मफलरला मिळायचं.

अशा या लेकीला दोन विद्यापीठांत प्रवेश मिळाला. तिला दगडांचा अभ्यास करायचा होता. "दगडांत काय बघायचं असतं?" असं काकूंनी एकदा विचारलं आणि तासभर उत्तर ऐकून घेतल्यावर पुन्हा कधी विचारलं नाही. अभ्यासक्रम दोन्हीकडे सारखाच होता. फरक होता तो शहरांत.

एक शहर समुद्राकाठचं होतं. बारा महिने उबदार, पण जागेचे भाव ऐकून डोळे पांढरे व्हावेत. तिथे तिची सगळी शिष्यवृत्ती नुसत्या भाड्यातच गेली असती आणि जेवणासाठी संध्याकाळी कुठेतरी नोकरी धरावी लागली असती. दुसरं शहर डोंगरावर होतं. तिथे निम्म्या भाड्यात अख्खी खोली मिळत होती, वर्गात चालत जाता येत होतं, आणि दगड तर दारातच पडलेले. पण हिवाळा मात्र हाडं फोडणारा, असं सगळेच सांगत.

"समुद्राकाठी जायचं," काकू म्हणाल्या. "पैशाचं मी बघते."

"म्हणजे तू बांगड्या मोडणार. आणि मी दिवसभर वर्गात, संध्याकाळी कुणाच्या तरी हॉटेलात बशा धूत. आई, मी शिकायला जाणार की भाडं भरायला?"

"आणि तिकडे डोंगरावर छाती धरून बसलीस म्हणजे? कोण आहे तिथे तुला तेल चोळायला?"

"अहो, तुम्ही सांगा," म्हणत काकू काकांकडे वळल्या.

"बाबा, तुम्हीच सांगा," लेक म्हणाली.

काका दोघींकडे बघून मान हलवत होते. दोघींचंही त्यांना मनापासून पटत होतं. काकू वैतागल्या. "तळ्यात-मळ्यात करू नका. दोन्ही शहरं बघून या आणि काय ते एकच सांगा. तुम्ही म्हणाल ते मी मान्य करीन." काकूंनी असं म्हणणं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवणं होतं.

पण थंडी बघायला जायचं तरी कसं? आपल्या कातडीवर काकांचा भरवसा नव्हता. ती कातडी भट्टीने केव्हाच निकामी केली होती. मग त्यांना उपाय सुचला आणि ते एकटेच खूश झाले. हवा कशी आहे हे पिठाला विचारायचं! पिशवीत घरचं पीठ, यीस्टची पुडी, चिमूटभर मीठ आणि झाकणाचा एक डबा घेऊन काका निघाले. जिथे खोली बघायची तिथे नळाचं पाणी घेऊन पीठ मळायचं आणि कसं फुगतं ते पाहायचं. जिथे पीठ सुखी, तिथे पोर सुखी. हिवाळा संपत आला होता, पण सरला नव्हता. परीक्षेला दिवस चांगला होता.

समुद्राकाठची खोली एवढीशी होती की खाट आणि माणूस यांपैकी एकालाच आत राहता आलं असतं. डबा ठेवायला जागा नाही म्हणून काकांनी तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. पीठ भसाभस वर आलं, बघता बघता खाली बसलं आणि त्याला आंबूस वास सुटला. काकांनी नाक मुरडलं. ही हवा काही बरी नाही. इथे सगळंच नासेल.

डोंगरावरच्या शहरात घरमालकीणबाई दोन स्वेटर आणि शाल पांघरून दार उघडायला आल्या. काकांना वाटलं, म्हाताऱ्या आहेत, असेल वयाचा परिणाम. खोली मात्र पाहता क्षणी आवडली. मोठी खिडकी, भिंतीत फळ्या, अभ्यासाला टेबल. काकांनी पीठ मळलं. बाईंनी चहा आणला, गप्पा सुरू झाल्या. बाई बोलत होत्या तोवर काकांना अर्थातच त्यांचं सगळं पटत होतं. गप्पा दुपारपर्यंत चालल्या. मग डबा उघडून पाहतात तो काय, पीठ झाकणाला टेकलेलं! गुबगुबीत, मऊ, गोड वासाचं. इतकं सुरेख पीठ तर घरीसुद्धा हिवाळ्यात कधी येत नसे.

काका घरी आले ते शड्डू ठोकतच. "लोकांना बोलायला काय जातं! तिथली हवा पिठाला मानवते. पोरीला का नाही मानवणार?"

काकूंचा चेहरा पडला. पण त्या घरात पिठाच्या शब्दापुढे कुणाचं काही चालत नव्हतं, आणि शब्द दिला होता तो दिलाच होता. लेकीने बापाला मिठी मारली. चार मफलर आणि तेलाची बाटली बांधून घेऊन ती डोंगरावर गेली.

उन्हाळा, पावसाळा गेला आणि हिवाळा आला. काकांनी नेमाने फटींत गोणपाट कोंबलं. एका दुपारी लेकीचा फोन आला, तेव्हा दोघेही काउंटरवर होते.

"मजेत आहे," ती म्हणाली. "फक्त सकाळी नळाला पाणी नसतं. गोठतं ना. घरमालकीणबाई नळावर गरम पाणी ओततात, मग सुटतं."

फोन ठेवल्यावर काकू सावकाश काकांकडे वळल्या. "नळ गोठतो. आणि तुमचं पीठ फुगलं?"

"फुगलं ना. या डोळ्यांनी पाहिलं."

"डबा कुठे ठेवला होतात?"

"कुठे म्हणजे? ठेवला कुठे? हातातच होता."

"हातात?"

"मांडीवर. थंडीच्या दिवसांत पीठ असं उघड्यावर थोडंच टाकतात? गोणपाट नव्हतं, म्हणून तू बळेच दिलेल्या मफलरमध्ये गुंडाळला आणि पोटाशी..."

काकांनी आपल्याच पोटाकडे पाहिलं. सकाळपासून दुपारपर्यंत त्यांनी तो डबा तान्ह्या बाळासारखा पोटाशी धरला होता. जन्माची सवय, हात आपोआपच तसे गेले. शहराची परीक्षा राहिली बाजूला, पास झालं होतं ते काकांचं पोट.

एरवी काकूंनी घर डोक्यावर घेतलं असतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "ती खोकत असेल. आपल्याला सांगत नाहीये," आणि आत निघून गेल्या. हे शिव्यांपेक्षा वाईट होतं. काकांनी जेवणाचं ताट दूर सारलं. आपल्या बावळटपणाने पोरीला बर्फात नेऊन बसवलं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात घोळत राहिलं. भट्टी जोडीदार कारागिरावर सोपवून, कापसाची जाड रजई पाठीवर टाकून ते पहिल्या बसने निघाले. पोरगी एकदा जरी खोकली तरी तिला सरळ घरी घेऊन यायचं, वर्ष गेलं तर गेलं, असं ठरवूनच निघाले.

डोंगरावर उतरले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना थंडी वाजली. साधीसुधी नाही, दातावर दात आपटत होते. निघताना त्यांनी फोन केला होता, त्यामुळे समोरच्या चढावरून लेक धावत आली. काका जीव मुठीत धरून वाट बघत राहिले, आता हिला उबळ येणार. उबळ आली नाही. लेकीने रजई खांद्यावर घेतली आणि दगडांविषयी बडबडत चढ चढू लागली. धाप लागली होती ती काकांना.

खोलीत गेल्यावरही काकांचे कान तिच्या छातीकडेच. तिने खिडकी सताड उघडली तेव्हा ते ओरडले, "अगं, वारा!"

"मी रोज उघडते, बाबा."

"खोकला?"

"नाही."

"खरं सांग. तुझ्या आईची शपथ."

लेक हसली आणि मग हसायची थांबली. "खरंच नाही. एकदाही नाही. बाबा, मला थंडी कधीच बाधत नव्हती. आठवीत असताना मी हिवाळ्यात मावशीकडे राहिले होते ना, तेव्हाही खोकले नव्हते. घरी परत आले आणि दुसऱ्या दिवशी सुरू. हिवाळ्यात आपण खाली सगळं बंद करून घेतो. पिठाची धूळ, भट्टीचा धूर, सगळं जिन्याने वर येतं."

काकांना ते समजायला थोडा वेळ लागला. मग ते खाटेवर बसले. "आठवीत? तेव्हाच कळलं होतं? मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही काय केलं असतं?"

"भट्टी विझवली असती."

"म्हणूनच."

काकांना रडू कोसळलं. रजईत तोंड खुपसून ते मोकळेपणाने रडले. इतकी वर्षं ज्या पिठाला वारा लागू दिला नाही त्यापायी पोर घुसमटत होती, आणि बापाची भट्टी विझू नये म्हणून गप्प राहिली होती. लेक त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बाबा, पुरे. मी ठणठणीत आहे. उन्हाळ्यात येते मी घरी. तेव्हा सगळं उघडं असतं."

जरा सावरल्यावर काकांनी घरी फोन लावला. "अगं, पोरगी खोकत नाहीये."

"बघा! मी म्हटलं नव्हतं, मफलर घातला की..."

"मफलर नाही. खोकला आपल्या घरातच होता. पिठाचा, धुराचा." आणि त्यांनी सगळं सांगितलं.

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग काकू म्हणाल्या, "म्हणजे हिवाळ्यात तिला इकडे बोलवायचं नाही."

"नाही."

"मग काय, चार-चार महिने लेकीचं तोंड बघायचं नाही?" काकूंचा आवाज फुटला, पण लगेच त्या नेहमीच्या काकू झाल्या. "आधी खिडक्या उघडायला लावते तुमच्या त्या कारागिराला. पीठ रुसलं तर रुसू दे. आणि माझ्यासाठी एखादा चांगला स्वेटर बघून ठेवा तिथे."

काकांनी फोन खाली ठेवला, नाक पुसलं आणि लेकीला विचारलं, "काय गं, घरमालकीणबाईंकडे आणखी एक खोली आहे का? दर हिवाळ्यात आठवडाभर लागेल. दोघांसाठी."