बॅरो आणि बृहत्

चैत्रातल्या दुपारी आमच्या दहिसरच्या चाळीत वाळत्या पापडांचा हिंगाळलेला वास दाटून राही. ऐंशीनंतरची ती वर्षं. शेजारची कुंदा बाहेरून दहावीला बसणार होती. जेवणं आटोपली की इंग्रजीचं पुस्तक घेऊन ती माझ्याकडे येई.

एका धड्यात शेतकऱ्याने 'बॅरो' तसाच ठेवून भोवतीनं नांगर फिरवला, असं वाक्य आलं. "बॅरो म्हणजे हातगाडी," मी सवयीने सांगितलं.

कुंदा हसली. "मग गाडी बाजूला सारायची ना! नांगर कशाला वळवतो येडा?"

मी जाडजूड शब्दकोश काढला. हातगाडीचा बॅरो निराळाच. हा बॅरो म्हणजे प्राचीन माणसांनी मृतांवर रचलेला मातीचा उंचवटा! मूळ अर्थ उंच, टेकडी. आणि त्या मुळाचा दूरचा आप्त कोण, तर आपला 'बृहत्'! कुठलं ते इंग्रजांचं धुकाळ बेट, कुठल्या आपल्या ऋचा. आणि त्याही पलीकडे, काळाच्या अथांग तळाशी, दोघांचा एकच उच्चार! आपलं माणूस मातीआड झालं की त्या मातीलाच उंची द्यावी, हे पहिल्यांदा कुणाच्या मनात आलं असेल?

मी भान विसरून सांगत होते. कुंदाने पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

"आमच्या बाळावर पण ह्यांनी माती ओढली होती, ताई. एवढीशीच. बारसंही झालं नव्हतं. मला नेलंच नाही कुणी." दोन वर्षांच्या शेजारात हे मला ठाऊक नव्हतं. "त्याला पण बॅरोच म्हणायचं ना गं?"

"हो. बॅरोच."

रविवारी ती नवऱ्याला, सदानंदभावजींना, घेऊन बाळाची जागा बघायला निघाली. मलाही चल म्हणाली. नदीकाठी तान्ह्या मुलांना पुरायची ती मोकळी जागा. मध्ये कितीतरी पावसाळे गेलेले. सगळीकडे सपाट, वाळकं गवत. सदानंदभावजी इथे बघत, तिथे बघत, शेवटी मटकन खाली बसले. "नाही सापडत गं."

कुंदाने पदर खोचला. होती तिथेच बसून ती माती उकरू लागली, ढीग करू लागली.

"अगं, पण ती जागा हीच कशावरून?" भावजी म्हणाले.

"नसू दे. कुणाचं तरी बाळ असेलच ना खाली."

भावजी उठले, आणि ओंजळीत माती घेऊन तिच्याशेजारी येऊन बसले.