मिठाला साखरेची सोबत

जानेवारीतला रविवार, चारकोपचं घर. हजर: सासरे, अकरावीतली मुलगी, मी. गैरहजर: नवरा, मरोळला कामावर.

सासऱ्यांना पहाटेपासून जुलाब. बादली, टॉवेल, कोमट पाणी, सगळं पटापट लावलं. ओआरएसचं पाकीट मात्र मुद्दाम फोडलं नाही. त्यात साखर, आणि त्यांना मधुमेह. त्यांच्या चहातही साखर जात नाही, नियम माझाच. म्हणून नुसतं मीठ घातलेलं लिंबूपाणी देत होते. तरी दुपारपर्यंत जीभ कोरडी, लघवी नाही, उठले की भिंत धरायचे.

शेजारी अभ्यासाला बसलेल्या मुलीने ग्लासातलं चाखलं. "आई, साखर कुठेय?"

"आजोबांना बंद आहे ना."

"वाट लावशील त्यांची! साखरेशिवाय मीठ आत जाणार कसं?"

उशी उभी करून म्हणाली, ही आतड्याची पेशी. मागच्या बाजूला पंप. पेशी स्वतःची ऊर्जा खर्चून सोडियम सतत रक्ताकडे ढकलत असते, म्हणून आत ते कमी. आतड्यातलं सोडियम आत घुसायला टपलेलंच. पण पेशीच्या पुढच्या बाजूला दार आहे, त्याची अट, ग्लुकोजला सोबत आणा. दोघं शिरले की पाणी त्यांच्या मागोमाग. "जुलाबातही हे दार चालू असतं, आई! पंप बिचारा राबतोय आणि तू त्याला अर्धंच सामान देतेयस."

मी लगेच डॉक्टरांना फोन लावला. "पाकीट आत्ता सुरू करा, घोट घोट. शुगर तपासत राहा. संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही तर घेऊन या."

सासऱ्यांनी तोंड फिरवलं. "माका साखर बंद आसा. तुझ्या आयशीनच केल्यान. पेज दी गो, मीठ घालून."

मुलगी उडालीच. "आजोबा, झकास! पेजेतल्या तांदळाचं पोटात ग्लुकोजच होतं!"

"मगे? माझी आवस काय येडी होती?" जुलाब झाले की त्यांची आई पेजच द्यायची.

पेजेच्या आमिषाने पाकीटही गेलं, आलटून पालटून. प्रत्येक घोटाला मला ती दारं उघडताना दिसत होती. इतकी वर्षं पेज ढवळली, आत एवढी धावपळ चालते हे ठाऊकच नव्हतं!

दिवेलागणीला सासरे उठले, भिंत न धरता बाथरूममध्ये गेले आणि आतूनच ओरडले, "झाली गो!" आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या.

आता जेवणाआधीची शुगर तपासायची आहे. मशीनच्या पट्ट्यांची डबी रिकामी. त्या आणायच्या राहिल्यात.