मोरपंखी साडीचे दोन शर्ट

आमचे बाबा आईच्या साड्यांचे शर्ट शिवून घालायचे.

हो, बरोबर वाचलंत.
सहा फुटी, झुपकेदार मिशीचे, अर्धं आयुष्य मिठागरात काढलेले बाबा.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. वर्षभर मी काही पोस्ट केलं नाही. लिहायला बसलो की माझंच एक वाक्य आठवायचं आणि फोन बाजूला ठेवायचो. आज तेही लिहून टाकतो.

आमच्या पनवेल-उरणकडच्या गावांत पुरुष जरा वयात आला की पांढरा शर्ट, पांढरी पँट, कडक इस्त्री. लग्नाला जायचं असेल तर अजून पांढरा, अजून कडक. बाबाही तसेच होते.

मग आई गेली.
बाराव्याला आत्या तिच्या साड्या वाटायला बसली, तर बाबांनी कपाटाची किल्ली खिशात घातली.
"ऱ्हाऊं दे," एवढंच म्हणाले.

महिन्याभराने कळलं की म्हाताऱ्याने शिवणक्लास लावलाय! जुन्या पनवेलमध्ये, शमीम आपांकडे. क्लासमध्ये अकरा मुली आणि सत्तरीचे आमचे बाबा.

मी म्हटलं, "बाबा, हे काय नवीन फॅड?"
"जलमभर पांडराच बगला रं. मीठ पांडरा, कापरं पांडरी. आता जरा रंग बगतंय."

पहिल्या शर्टाची एक बाही लांब, एक आखूड. तो घालून ते तळ्यावर मॉर्निंग वॉकला गेले.
मग हात बसला. काठाची कॉलर, पदराचा खिसा. जांभळ्या शर्टाला पोपटी कफ. परत आले की शूज काढता काढता रिपोर्ट द्यायचे, "आज दोगांनी इचारला, कुटं घेतला?"
इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मिठागर होतं तेव्हाही नाही.

त्या रविवारच्या दुपारी अजून डोळ्यांसमोर आहेत.
मी चटईवर आडवा. मशीनची लय चालू. बाहेर विमानतळाच्या कामाची धूळ, जिथे कधी आमचं मिठागर होतं.
शिवता शिवता बाबा मध्येच थांबायचे, आईची साडी खिडकीशी धरायचे आणि तिच्यातून बाहेर बघायचे. ऊन गाळून आत यायचं. भिंत जांभळी, मशीन जांभळं, बाबांची पांढरी मिशीसुद्धा जांभळी.
अर्धवट झोपेत मला वाटायचं, आई स्वयंपाकघरात आहे आणि आता चहा आणेल.
चहा कोणी आणायचं नाही. पण वाटायचं खरं.

एकच चूक ते शेवटपर्यंत करत राहिले. सगळ्या शर्टांची बटणं डाव्या बाजूला, लेडीज कपड्यांना असतात तशी. आपा फक्त ब्लाउज-कुर्ते शिकवतात, त्यामुळे असेल, असं मी धरून चाललो. चिडवायचोही.
"बाबा, उलटं झालंय."
"आसूं दे."

मग माझ्या मुलीचा, श्रुतीचा, साखरपुडा ठरला. मुलाकडचे उलव्याचे, मोठी माणसं.
बाबा त्यासाठी आईची मोरपंखी रेशमी साडी शिवायला घेऊन बसले होते. नातीच्या लग्नात नेसायची म्हणून आईने ती जपून ठेवली होती.

आणि मी म्हणालो,
"बाबा, त्या दिवशी प्लीज नॉर्मल कपडे घाला. लोकं हसतील."

मशीनचं चाक त्यांनी हाताने थांबवलं.
"बरा," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मोरपंखी कापड मशीनवर नव्हतं. कपाटात ठेवलं असेल, मी विचारलं नाही.
साखरपुड्याला बाबा पांढऱ्या शर्टात आले. ग्रुप फोटोत आज त्यांना शोधावं लागतं. सगळेच पांढरे.

तीन महिन्यांनी एका दुपारी बाबा झोपले ते उठलेच नाहीत.
श्रुतीचं लग्न वर्षभर पुढे गेलं.

गेल्या आठवड्यात शमीम आपांचा फोन आला. बाबा जायच्या आधीपासून त्या मस्कतला मुलाकडे होत्या. आल्यावर त्यांना बाबांचं कळलं.
"चाचांची पिशवी माझ्याकडे आहे. काज करायला दिलेली. अमानत आहे, घेऊन जा."

आपांकडे जाऊन पिशवी उघडली. आत दोन मोरपंखी शर्ट होते.
एक बाबांच्या मापाचा.
एक माझ्या.

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "आपा, बटणं उलट्या बाजूला शिकवलीत तुम्ही त्यांना."
आपा म्हणाल्या, "मी कुठे शिकवलं? पहिल्याच शर्टाला टोकलं होतं, चाचा, मर्दांची बटणं उजवीकडे. तर म्हणाले, कापर तिचा हाय, तिच्याच बाजून लागू दे."

मी माझा शर्ट उलगडून पाहिला, त्याचीही बटणं डावीकडेच.

"आणि हे दोन शर्ट देताना म्हणाले," आपा सांगत होत्या, "पोरगा साकरपुड्याला नको म्हनतंय. लग्नापरेंत समजंल त्याला. मंग दोगं घालू."

म्हणजे रागावलेच नव्हते. थांबले होते माझ्यासाठी. आणि मी वर्षभर त्यांना दुखावलं म्हणून तोंड लपवत होतो.

आज सकाळी त्यांच्या फोटोसमोर माझा शर्ट घालून पाहिला. हाताला सवय नाही, बटणं सापडेनात. श्रुती बघत उभी होती, शेवटी तीच पुढे आली आणि वरची दोन लावून दिली. खिडकीबाहेरून एक विमान गेलं, आमच्या मिठागरावरून.

बाबा, पुढच्या रविवारी लग्न आहे. मी मोरपंखी घालून मांडवात उभा राहणार. तुमचा शर्ट पहिल्या रांगेत, खुर्चीवर.
लोकं हसली तर हसूं दे.

उशीर झाला बाबा. पण समजलं.