संगमनेरहून आणलेली बॉडी

आमच्याकडे तिला बॉडी म्हणतात. शहरातल्या बाया काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, पण तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही. बॉडी हा शब्दसुद्धा मी कधी मोठ्याने उच्चारत नव्हते. एकदाच उच्चारला, आणि सगळा गाव दारात गोळा झाला.

ही वस्तू बायकांना असते हे गावात सगळ्यांना माहीत आहे, पण ती कोणाला दिसली नाही पाहिजे. म्हणून ती दोरीवर टॉवेलखाली वाळत घालायची. टॉवेलखाली ऊन लागत नाही. त्यामुळे ती कधीच नीट वाळत नाही आणि आपण दमट अंगानेच दिवस काढतो. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून माझ्या एकाही बॉडीने सूर्य पाहिला नव्हता.

ती घ्यायची पद्धतही तशीच. दुकानदार पुरुष असतो. आपण खाली बघायचं, त्याने वर पंख्याकडे बघायचं. पंख्याकडे बघत तो म्हणतो, "चौतीस." मग कागदात गुंडाळून देतो. माझं माप मला कधीच माहीत नव्हतं, ते त्याला कसं कळायचं हे मी विचारलं नाही.

हे असंच चाललं असतं, पण मला गडाचं काम मिळालं.

आमचं गाव भंडारदऱ्याच्या धरणामागे, रतनगडाच्या पायथ्याला. माझे मालक सुप्याला कंपनीत आहेत, सुट्टीला येतात. घरी मी, सासूबाई आणि धाकटे दीर. दीर पुष्कळ दिवसांपासून पाहुण्यांना गडावर घेऊन जातात. अलीकडे फक्त बायकांच्या टोळ्या येऊ लागल्या, आणि त्यांना वाट दाखवायलाही बाईच हवी असते. पुण्याची एक मुलगी अशा टोळ्या आणते. तिने ओसरीवर बसून विचारलं, तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "हिला ने. बोलायची न्हाई, पन वाट चुकायची न्हाई."

वाट मी कशी चुकेन? हिरडा वेचायला मी त्याच रानात जाते. पण हिरड्याचं पोतं डोक्यावर असतं. डोक्यावर ओझं असलं की मान ताठ राहते आणि छाती मोकळी राहते. पुण्याच्या मुलीने मला पाठीवरची सॅक दिली. सॅकचे पट्टे बरोबर बॉडीच्या पट्ट्यांवर बसतात, आणि पाठीतला हूक सॅकखाली सापडतो. मग तो हूक पाठीशी बोलायला लागतो. मी बोलत नाही, पण माझा हूक फार बोलका निघाला.

पहिल्या खेपेला दीरही बरोबर होते, जेवणाचं सामान घेऊन. रान संपेपर्यंत माझी पाठ सोलून निघाली होती. घामाने सुती कापड भिजून जड झालं होतं. मग शिड्या आल्या. गडावर जायला लोखंडी शिड्या आहेत, त्यावर हात वर करून चढावं लागतं. मी हात वर केले आणि बॉडीही वर निघाली. एका हाताने शिडी धरायची आणि दुसऱ्या हाताने अब्रू, असं करत मी मधेच थांबले. माझ्याखाली सगळ्या बाया रांगेत अडकल्या.

पुण्याची मुलगी खालून म्हणाली, "मावशी, दमलात का?"

काय सांगणार? मी म्हणाले, "व्हय."

दीर सगळ्यांत खाली होते. ते म्हणाले, "मी म्हनलंच हुतं. बाईमानसाचं काम न्हाई हे. फुडच्या खेपेला मीच येतो."

वर पोचल्यावर मुलगी म्हणाली, "रविवारी मोठी टोळी आहे. मावशींना झेपलं तर मावशी, नाहीतर तुम्ही." मला हे काम हवं होतं. त्या रानात मी आजवर दुसऱ्याने धाडलं म्हणून गेले होते, हिरड्याला नाहीतर सरपणाला. वाट दाखवायला कोणी बोलावलं म्हणून पहिल्यांदाच गेले होते. ते काम मी एका हुकापायी घालवत होते आणि तसं सांगताही येत नव्हतं.

टाक्यावर पाणी भरताना मुलीने माझ्या खांद्यावरचा वळ पाहिला. तिला न सांगता कळलं. ती हळू आवाजात म्हणाली, "मावशी, हूक नसलेली घ्या. डोक्यातून घालायची असते ती. खांद्यावर रुंद पट्टी, छातीखाली रुंद इलास्टिक. सुती नको, घाम धरते. आणि दुकानात घालून बघा. हात वर करा, खोल श्वास घ्या, उडी मारून बघा."

"उडी?"

"हो. आणि ही सॅक राहू द्या तुमच्याकडे. सॅक घालूनही बघा."

मी मान हलवली. दुकानात उडी मारणारी बाई मी अजून पाहिली नव्हती.

संगमनेरला माझी धाकटी बहीण असते. ती पार्लरमध्ये काम करते आणि लाजणं तिच्या वाट्याचंही मलाच मिळालं आहे. तिला फोन करायचा ठरवलं. पण आमच्या गावात फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळच्या दगडावर येते, तीही ओरडून बोललं तरच. मी दुपारी गेले, तेव्हा तिथे फक्त शेजारचे म्हातारबा शेळ्या घेऊन बसले होते. त्यांना कमी ऐकू येतं असं सगळे म्हणतात, म्हणून मी बोलले.

"बॉडी आणायचीय," मी म्हणाले.

"काय?" बहीण तिकडून.

"बॉडी! बॉडी! उद्या सकाळच्या जीपनं येते संगमनेरला!"

"अगं मग रडक्या आवाजात काय बोलतीस?"

"घरात कोनाला सांगितलं न्हाई अजून. सासूबाईंना पन न्हाई. तू बरोबर ऱ्हा, मला एकटीला जमायचं न्हाई."

फोन ठेवून पाहिलं तर म्हातारबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. मला वाटलं, उकडत असेल.

घरी सांगायला निमित्त तयार होतं. आमचे चुलत सासरे, त्यांना सगळे मामाच म्हणतात, मूतखड्यासाठी संगमनेरच्या दवाखान्यात होते. मी सासूबाईंना म्हणाले, मामांना बघून येते. घरात एकच फोन, तो दीरांजवळ ठेवला. बहिणीकडे रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून सॅकमध्ये तांदूळ भरला आणि पहाटे निघाले.

बहिणीने मला मोठ्या दुकानात नेलं. तिथे विकायला मुलगी होती, पण ती पंख्याकडे बघत नव्हती, सरळ माझ्याकडे बघत होती. ते जास्त अवघड गेलं.

"कशासाठी पाहिजे?" तिने विचारलं. "जिमसाठी? पळायला?"

"ओझं वाहायला," बहीण म्हणाली.

"ओझं वाहायची वेगळी नसते, मावशी."

"मग पळायची दे. ही ओझं घिऊन पळंल."

घालून बघायला मागची खोली होती, खोक्यांनी भरलेली. पहिली बॉडी गुलाबी आणि घट्ट. ती डोक्यातून खांद्यांपर्यंत आली आणि तिथेच राहिली. खालीही जाईना आणि वरही येईना. मी दोन्ही हात वर करून उभी, तोंड कापडात. बहीण हसून हसून खोक्यावर बसली.

"अगं, काढ ना!"

"थांब, आधी फोटू काढते."

दुसरीच्या आत जाड गाद्या शिवल्या होत्या. नुसतं उभं राहूनच घाम आला. तिसरीची पाठ छान होती, पण पट्ट्या मागे जिथे एकत्र येत होत्या तिथे जाड शिवण होती. मी बोट फिरवलं. हुकाची धाकटी बहीणच ती. सॅक नेमकी तिथेच बसणार.

चौथी दिसायला अगदीच साधी. राखाडी, ना फूल ना लेस. खांद्यावर चार बोटं पट्टी, खाली रुंद इलास्टिक, आत शिवण हाताला लागत नव्हती. गळ्याची कड मानेला घासत नव्हती. घातली तर पहिल्यांदा वाटलं, आपल्याला कोणीतरी धीर देऊन धरलं आहे. हात वर केले, जागची हलली नाही. श्वास घेतला, तो पूर्ण आत गेला. इलास्टिकखाली बोटं जात होती, पण ती सैलही नव्हती.

"आता उडी," बहीण म्हणाली.

"न्हाई."

"त्या पुण्यावालीनं सांगितलंय ना? मार."

मी मारली. खोकी हलली, मी हलले, बाकी सगळं जागेवर. बाहेरून मुलीने विचारलं, "काय पडलं?" मग वर ब्लाऊज आणि साडी नीट केली, तांदळाची सॅक पाठीवर चढवली आणि दुकानाच्या जिन्यावरून दोनदा खाली-वर केलं. गिऱ्हाइकं बघत होती. बहीण त्यांना म्हणाली, "तांदूळ इकायला आलीया."

मी तीच घेतली. या सगळ्यात दिवस कलला. दवाखान्यात जायला वेळच उरला नाही, शेवटची जीप गेली असती. तांदूळ बहिणीकडे रिकामा केला, बॉडी प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि निघाले. वाटेत माझी काळजी एवढीच होती, की सासूबाईंनी मामांची विचारपूस केली तर काय सांगावं.

जीप गावात शिरली तर आमच्या दारापुढे गर्दी. बायका सासूबाईंना धरून बसलेल्या. पुरुष टोप्या काढून उभे. भिंतीला दोन हिरवे बांबू टेकवलेले. मी उतरले तसे सगळे माझ्या मागे जीपकडे बघायला लागले. जीप निघून गेली तरी रस्त्याकडे बघत राहिले.

म्हातारबा पुढे आले. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "पोरी, बॉडी कुटं हाय?"

म्हणजे म्हातारबांना ऐकू येतं. म्हणजे मी काय आणायला गेले ते अख्ख्या गावाला कळलं, आणि गाव ते बघायला आलं. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. मी खाली मान घालून म्हणाले, "पिशवीत."

दीर पुढे आले. त्यांचे डोळे लाल होते.

"पिशवीत? वहिनी, अवो, पिशवीत कशी मावंल?"

"लहानच हाय," मी म्हणाले. "ताणली की बसती."

एक बाई किंचाळली. सासूबाई उठल्या, माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि आत हात घातला. राखाडी कापड सगळ्या गावासमोर बाहेर आलं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं.

"आगं, ही तर घालायची बॉडी!"

"मग कोनती?" मी म्हणाले.

"आनि मामा?"

आता खरी पंचाईत झाली. मामा जिवंत आहेत असं छातीठोक सांगायला मी त्यांना बघितलंच नव्हतं. मी गप्प बसले, तर पुन्हा दोघी-तिघी रडायला लागल्या. दुपारपासून मामांचा फोन बंद होता, त्यामुळे सगळ्यांची खात्रीच झाली होती. दीर टाकीकडे पळाले. या वेळी फोन लागला. मामा तो रात्री चार्जिंगला लावायचं विसरले होते. ते एवढ्या जोरात बोलत होते की टाकीपासून आवाज येत होता, "मी मेलो? कुनी ठरवलं?"

पुरुष दिसेनासे झाले. म्हातारबांनी टोपी घातली आणि पुन्हा त्यांना ऐकू येईनासं झालं. बायका मात्र थांबल्या. आमच्याकडे चूल पेटणार नाही म्हणून शेजारणींनी पिठलं-भाकरी करून आणली होती, ती सगळ्यांनी बसून खाल्ली. खाताखाता बॉडी या हातातून त्या हातात फिरली. जी ती इलास्टिक ताणून बघत होती. एकजण तर पिठल्याच्या हातानेच ताणणार होती.

दीर परत आले ते रागाने. "गावात शोभा झाली. आता तरी वहिनींनी रविवारी घरी बसावं."

मी तेच ठरवलं होतं. महिनाभर नळावरसुद्धा जायचं नाही, असं. पण सासूबाई म्हणाल्या, "शोभा व्हायची ती झाली. आता हिच्याकडं लपवायला काय ऱ्हायलं? जाऊ दे तिला."

बांबू कोणी परत नेईना. तिरडीसाठी आणलेले बांबू घरी कसे न्यायचे? सासूबाईंना ते पटलं नाही. "मेलंच न्हाई कोनी, तर बांबू कशानं बाटले?" त्यांनी दीरांनाच खड्डे खणायला लावले, अंगणात उन्हाच्या बाजूला दोन्ही बांबू रोवले आणि दोरी बांधली.

रविवारी मी ह्यांचा जुना शर्ट वर घातला, साडी खोचली आणि सॅक घेतली. रान चढलो. पाठीत कोणी बोलत नव्हतं. घाम आला आणि वाऱ्याने गेला. शिडीपाशी मी सगळ्यांत पुढे होते. दोन्ही हात वर केले, दोन्ही हातांनी शिडी धरली आणि चढले. वर जाऊन वळून पाहिलं, तर पुण्याची मुलगी अजून मधल्या पायऱ्यांवर होती. तिचा चेहरा लाल झाला होता.

मी विचारलं, "दमलात का?"

ती हसली. वर येऊन धापा टाकत म्हणाली, "मावशी, पुढच्या रविवारीही मोठी टोळी आहे. लागोपाठ जमेल का तुम्हाला?"

"जमंल," मी म्हणाले. "आता उन्हात घालते. सकाळी धुतली की दुपारपत्तूर वाळतीया."